चिमटा जागेवरच होता

माझी पट्टी काळी चार. पेटीवरची चौथी काळी पट्टी दाबली की जो सूर निघतो तो माझा सा. लग्नाच्या आधीपासून हे असंच होतं. समोर पेटी नसली तरी मला तो सा सापडायचा, कारण घशात त्याची एक ठरलेली जागा होती, हनुवटीच्या खाली, जरा आतल्या बाजूला. तिथे आवाज टेकला की काळी चार लागली, हे मला दुसऱ्या कुणी सांगावं लागत नसे.

मी गायिका वगैरे नाही. चिंचवडला आमच्या सोसायटीत बायकांचं भजनी मंडळ आहे, त्यात मी पुढे म्हणायचे. म्हणजे ओळ मी म्हणायची आणि बाकीच्यांनी ती मागून उचलायची. मंडळात सोलापूरच्या, लातूरच्या, खानदेशातल्या, कोकणातल्या, सगळीकडच्या बायका आहेत. कंपन्यांच्या मागे नवरे आले आणि नवऱ्यांच्या मागे या आल्या. एरवी भिशीपासून पाण्याच्या टँकरपर्यंत त्यांचं कशावरही एकमत होत नाही. पण शनिवारी दुपारी क्लबहाऊसमध्ये सतरंजी घातली की सगळ्या माझ्या मागून एका सुरात म्हणायच्या, आणि मला त्याचा चांगलाच तोरा होता. उगाच नम्रपणाचा आव मी तेव्हाही आणत नव्हते.

मग गळ्यात थायरॉइडची गाठ निघाली. डॉक्टरांनी ऑपरेशनच्या आधीच समजावून सांगितलं होतं की ग्रंथीला लागून आवाजाची एक बारीक नस जाते, ती कधीकधी दुखावते. बोलणं शाबूत राहतं, वरचे सूर जातात. बहुतेकांचे काही महिन्यांत परत येतात, काहींचे येत नाहीत. मी त्यातलं 'बहुतेकांचे' तेवढं ऐकलं.

बोलणं खरंच शाबूत राहिलं. भेटायला येणारी प्रत्येक बाई म्हणायची, "अगं, आवाज तर छानच आहे की तुझा." तिला तिच्या सफरचंदांसकट परत पाठवावं असं मला वाटे. कारण ती गेल्यावर मी बाथरूमचं दार लावून सूर लावून बघायचे, आणि मध्यमाच्या वर गेलं की नुसती हवा यायची. सा लागलाय की नाही हेही कळेना. टेकायची ती जागाच बधिर झाली होती. गळ्यावरचा वण, रोजची गोळी, दर काही दिवसांनी रक्त तपासणं, हे सगळं मी मुकाट्याने सोसलं असतं. मला एकच गोष्ट परत हवी होती. शनिवारी सतरंजीवर पुढे बसायचं आणि काळी चारमध्ये ओळ म्हणायची.

माझा नवरा चाकणजवळ महाळुंग्याला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. फार पूर्वी आम्ही दोघं एकाच कंपनीत ट्रेनी होतो, म्हणून मी त्याला अरे-तुरे करते. सासूबाईंना ते शेवटपर्यंत पटलं नाही. त्याला गिटारचा नाद आहे. बरा वाजवतो, फार बरा नाही. मी घरात गायला बसले की गिटारच्या मानेवर एक चिमटा असतो, तो पहिल्या घरात लावायचा आणि साधे कॉर्ड धरून माझ्या मागे वाजवत राहायचा. चिमटा पहिल्या घरात म्हणजे काळी चार, एवढंच गिटारमधलं मला कळत होतं.

ऑपरेशननंतर हळू आवाजात गायला हरकत नाही असं डॉक्टर म्हणाले, त्या आठवड्यातल्या रविवारी तो गॅलरीत गिटार घेऊन बसला आणि सकाळपासून दुपारपर्यंत खुंट्या पिळत राहिला. मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलेला. मी दोनदा चहा दिला, तो गार झाला.

"काय चाललंय?" मी विचारलं.

"वेगळं ट्युनिंग बघतोय."

मग त्याने मला ते मोठ्या उत्साहाने सांगितलं. नेहमीच्या गिटारच्या सहा तारा डावा हात न लावता नुसत्या छेडल्या तर त्यांचा एकमेकींशी मेळ बसत नाही. पण त्या सैल-घट्ट करून सा आणि प यांच्यावरच आणल्या, तर नुसता हात फिरवला तरी सगळी गिटार एका सुरात बोलते. त्याने हात फिरवून दाखवला. त्या खोक्यातून इतक्या वर्षांत मला पहिल्यांदाच तंबोऱ्यासारखं काही ऐकू आलं. खोल, भरलेलं, बराच वेळ टिकणारं.

"पट्टी तीच ना?" मी विचारलं.

"तीच की. चिमटा बघ ना कुठे आहे."

चिमटा जागेवरच होता. आवाज एवढा गंभीर कसा, असं मी म्हटलं, तर तो म्हणाला, हे ट्युनिंगच गंभीर असतं. मला काय कळणार. मी सा लावला, आणि ऑपरेशननंतर पहिल्यांदा ओळ वरपर्यंत गेली. मध्यमाला अडखळली नाही, पंचमाला फाटली नाही, वरच्या सा ला जाऊन आली. मी रडले. तो मान खाली घालून खुंट्यांशी काहीतरी करत राहिला. त्यालाही भरून आलं असणार, असं मी धरून चालले.

तानपुऱ्याचं ॲप मोबाईलमध्ये होतं, ते लावून तपासू नकोस असं त्यानेच सांगितलं. मशीन लावलं की तू आवाजावर जोर करशील, डॉक्टर जोर नको म्हणालेत. मला ते लगेच पटलं. खरं तर मी त्या ॲपला घाबरतच होते. काढूनच टाकलं.

त्यानंतरचे काही महिने मी जितकी सुखात होते तितकी विशीतही नव्हते. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात तो चारच्या सुमाराला घरी यायचा. कंपनीची बस सोसायटीच्या कोपऱ्यावर सोडायची. तोंड धुऊन आला की आम्ही गॅलरीत बसायचो. समोर अर्धवट उभी बिल्डिंग, रस्त्यावर हॉर्न, आणि आमचं चाललेलं. त्या ट्युनिंगमध्ये तो रोज काहीतरी नवं शोधायचा. एक बोट इकडे सरकवलं की उदास, तिकडे सरकवलं की मोकळं. मुलगी बंगळूरला नोकरीला आहे, तिला फोनवर ऐकवलं. ती म्हणाली, आई, तू पहिल्यापेक्षा चांगली गातेस. मी ते चार जणींना सांगितलं.

मधूनच एखाद्या दिवशी आवाज फाटायचा. वरच्या सुराला खर्रकन जायचा. मग मी आदल्या दिवशीच्या दह्याला शिव्या घालायचे, नाहीतर चाकणहून तो कपड्यांवर जी धूळ आणतो तिला. दोन दिवसांनी पुन्हा सगळं सुरळीत व्हायचं.

दिवाळीच्या आधी त्याला गिटारच्या तारा बदलायच्या होत्या. पिंपरीत एक वाद्यांचं जुनं दुकान आहे, तिथे तो गिटार घेऊन निघाला, मीही सोबत गेले. दुकानदार चाचा वयस्कर, त्याने निवडलेल्या तारांकडे बघूनच त्यांनी विचारलं, "भाऊ, इतक्या जाड तारा या गिटारला कशाला? बहुत ढीला करके बजाते क्या?" नवरा म्हणाला, "वेगळं ट्युनिंग आहे, चाचा." आणि मी, मला कुणी विचारलेलं नसताना, चाचांना समजावून सांगितलं की ते तंबोऱ्यासारखं वाजतं, आणि माझा आवाज ऑपरेशननंतर त्यावरच परत आला. चाचा माझ्याकडे बघत राहिले. मग 'अच्छा है' म्हणाले आणि तारा कागदात गुंडाळून दिल्या.

आता मंडळात जायचं, असं मी ठरवलं. नवरा म्हणाला, थांब थोडी. पुढच्या महिन्यात म्हणाला, थंडी जाऊ दे. तेव्हा मी त्याच्यावर उखडले. मी घरातच गात बसलेली तुला बरी वाटते, असं काहीबाही बोलले. शनिवारी तो कामावर असताना मी इस्त्रीची साडी नेसून क्लबहाऊसला गेले.

मंडळात पेटी वाजवतात त्या काकू गावठाणातल्या जुन्या घरातल्या. त्यांनी मला बघून शेजारची जागा पुसली.

"आलीस व्हय? बरं झालं. काळी चारच ना?"

"काळी चारच," मी म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

अर्धी ओळ गेली. मग ती वर चढायला लागली आणि मध्यमाला आवाज फाटला. मी खोकले, पाणी प्यायले, पुन्हा सुरुवात केली. तिथेच फाटला. तिसऱ्यांदा तर सूर निघालाच नाही, नुसता फुसकारा आला. मागच्या बायका ओळ उचलायला तोंड उघडून बसल्या होत्या, त्या तशाच राहिल्या. लातूरच्या एकीने मला सांभाळून घ्यायला स्वतःच ओळ म्हणायला घेतली, तिला काकूंनी हातानेच थांबवलं.

काकू माझ्याकडे बघत नव्हत्या. त्यांनी पेटीवर एक घर खालचा सूर धरला आणि म्हणाल्या, "म्हण." मी म्हटलं. फाटला. आणखी एक घर खाली. "म्हण." असं करत करत त्या काळी दोनवर आल्या, आणि तिथे ओळ वरपर्यंत गेली. अडखळली नाही, वरच्या सा ला जाऊन आली. तो आवाज मी ओळखला. गॅलरीत रोज माझ्या कानात येत होता तो हाच.

"हितं हाईस तू आत्ता," काकू म्हणाल्या.

"काकू, ही तर पुरुषांची पट्टी."

"व्हय. पर गळा हितंच हाय, त्याला काय करशील?"

त्यांनी बाकीच्यांना तिथून म्हणायला सांगून बघितलं. बिचाऱ्यांनी प्रयत्न केला. खालच्या सुरांना निम्म्या गप्प झाल्या, निम्म्या नुसत्या घुमल्या, एक तरुण सून हसू दाबायला पदराआड गेली. "बायकांना न्हाई बसायचं हे," काकू म्हणाल्या आणि पेटी पुन्हा वर नेली. दुसरीने पुढे म्हटलं. मी टाळ घेतले.

घरी आल्यावर मी ॲप पुन्हा घेतलं आणि काळी दोनचा तानपुरा लावला. गिटार गॅलरीच्या दाराला टेकून उभी होती, पहिल्या घरात चिमटा तसाच. मी हात फिरवला. मोबाईलचा सूर आणि गिटारचा सूर एकमेकांत मिसळून गेले, वेगळे काढता येईनात. मी तिथेच खाली बसले. अंधार पडत आला तरी दिवा लावायला उठले नाही.

तो आला. मी चहा दिला, पिऊ दिला. मग गिटार त्याच्या मांडीवर ठेवली.

"पट्टी कुठली ही?"

त्याने माझ्याकडे बघितलं, मग टेबलावर वाजत असलेल्या मोबाईलकडे बघितलं, आणि तरीही म्हणाला, "काळी चार."

"अजून?"

"चिमटा बघ ना..."

"चिमटा घाल खड्ड्यात," मी म्हटलं.

तो म्हणाला, "डेव्हिएशन घेतलं होतं."

हा त्यांच्या कंपनीतला शब्द. मीही क्वालिटीला होते, मला तो कळतो. पार्ट ड्रॉइंगप्रमाणे आलेला नसतो, पण लाइन थांबवून चालणार नसतं, तेव्हा घेणाऱ्या कंपनीकडून ठरावीक मुदतीपुरती सूट मागायची. तोवर आहे तो माल चालवून घ्यायचा आणि मागे चूक दुरुस्त करायची. पुष्कळदा मुदत संपते, चूक तशीच असते, मग मुदत वाढवून घेतात. एखाद्या पार्टचं असं वर्षानुवर्षं चालतं, आणि मूळ ड्रॉइंग काय होतं हे कुणाला आठवतही नाही. माझ्या गळ्याबाबतही त्याला दुसरं काही सुचलं नाही. त्याच्या जागी असते तर मलाही कदाचित हेच सुचलं असतं, पण ते मी त्याला त्या दिवशी सांगितलं नाही.

"कधीपर्यंतचं?" मी विचारलं.

"तुझा आवाज येईपर्यंतचं. पहिल्यांदा तारा सैल करून एकदम खाली घ्यायचं, म्हणजे तू खचणार नाहीस. मग थोडं थोडं वर न्यायचं, तुला न सांगता. काळी चारला आणून सोडायचं आणि मग सांगायचं."

"मग?"

"नेलं की वर. अर्धा सूर वर नेला की त्या दिवशी तुझा आवाज फाटायचा. तू दह्याला शिव्या घालायचीस."

मला ते सगळे दिवस आठवले.

"मग परत खाली आणायचो. सारख्या सैल ठेवून तारा फडफडायला लागल्या, म्हणून जाड आणल्या."

"म्हणजे जाड तारा आणल्या तेव्हा तुला माहीत होतं."

तो गिटारची एक खुंटी चाचपत राहिला.

"इथेच राहायचंय, हे तुला दिवाळीच्या आधीच माहीत होतं."

"हो," तो म्हणाला.

मी त्याच्याशी कित्येक दिवस बोलले नाही. डबा भरून द्यायचे, टेबलावर ठेवायचे, बास. लोकांना वाटेल की फसवलं म्हणून राग आला. तो होताच, पण खरा राग वेगळाच होता. माझ्या आवाजाचं सुतक तो एकटा पाळत होता आणि त्याच घरात मी रोज संध्याकाळी गात बसले होते. दुकानात चाचांना ऐकवत होते. ते दोघं पुरुष मला मान देऊन गप्प राहिले, हे मला अजूनही सहन होत नाही. मला आधी कसं कळलं नाही, असं काकूंनी विचारलं, तेव्हा घशातली जागा बधिर झाली होती असं मी सांगितलं. ते खरंच होतं. पण मला कळून घ्यायचंही नव्हतं.

डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नळी घालून बघितलं आणि म्हणाले, जे एवढ्या काळात आलं नाही ते आता बहुधा यायचं नाही. बोलणं अगदी उत्तम आहे. त्यांनी ते चांगल्या मनाने सांगितलं. परत येताना आम्ही गाडीत रेडिओसुद्धा लावला नाही.

मंडळात मी आणखी काही शनिवार गेले. टाळ वाजवायचे आणि नुसते ओठ हलवायचे. पण बायका माझ्याशी फार गोड वागायला लागल्या. एकीने माझ्यासाठी भिंतीजवळची जागा राखून ठेवली, पाठ टेकायला. पाठीला काही झालेलं नव्हतं. त्यानंतर मी गेले नाही.

घरात गिटार तशीच उभी होती. एकदा त्याने विचारलं, जुन्या बारीक तारा परत लावू का? मी नको म्हटलं. पण त्या प्रश्नावरून माझ्या मनात एक गोष्ट आली आणि तिथे ती धरून बसली. काळी चार गेली हे ठीक, पण गॅलरीत मी जे गायले ते तर खरंच गायले होते. पट्टीचं नाव खोटं होतं, सूर खोटे नव्हते. मुलीला फोनवर आवडलं ते खोटं नव्हतं. मंडळ नसेल, पण हे दोघांचं तरी आपलं आहे, ते कशाला सोडायचं? असा विचार करता करता मला बरं वाटायला लागलं. कितीतरी दिवसांनी.

एका रविवारी संध्याकाळी मीच म्हटलं, "लाव ते तुझं ट्युनिंग. काळी दोनच लाव. माहीत असून गाते."

तो इतक्या पटकन उठला की मला त्याची दया आली. जाड तारा पुसल्या, खुंट्या सावकाश पिळल्या, मोबाईलवर एकेक तार तपासली. चिमटा काढून खिशात ठेवला. मग हात फिरवला आणि तो तंबोऱ्यासारखा आवाज पुन्हा गॅलरीभर झाला. सुरुवातीचा एक तुकडा त्याने पूर्वी बसवला होता, तो वाजवला, आणि माझ्यासाठी थांबला.

मी सा लावला. लागला. आणि मला तो ऐकू आला. जाड, कुणा परक्याचा आवाज, माझ्या तोंडातून येणारा. महिनोन्‌महिने तोच आवाज मी काळी चार समजून ऐकला होता, तेव्हा तो माझा होता. आता तो कुठला आहे हे मला माहीत होतं. पुढची ओळ वर चढायला लागली आणि गळा मिटला. फाटलाही नाही, नुसता मिटला. मी पुन्हा सा लावला, आता तोही लागेना. ज्या पट्टीत मी इतकी सुखात गायले होते तिथेही काही येत नव्हतं, आणि यात त्या नसेचा काही दोष नव्हता. डॉक्टरांना जाऊन दाखवण्यासारखंही हे नव्हतं.

त्याने सुरुवातीचा तुकडा परत वाजवला. तो संपला, मी गप्प होते, तर पुन्हा पहिल्यापासून वाजवायला लागला, जरा सावकाश, माझी फक्त वेळ चुकली असेल आणि पुढच्या फेरीला मी ओळ धरेन अशा बेताने. पुन्हा संपला, पुन्हा सुरू केला. समोरच्या बिल्डिंगमधले मजूर घरी निघाले होते. थांब असं मला म्हणवेना आणि त्याच्याने थांबवेना. शेवटी मीच त्याच्या हातावर हात ठेवला आणि म्हटलं, राहू दे आता, उद्या तुझी फर्स्ट शिफ्ट आहे.